इटलीतील घटते जन्म आणि स्त्रियांवर ठेवलेला ठपका

इटलीविषयीचा एक मजकूर गेली काही वर्षे पुन्हापुन्हा फिरत असतो, आणि चांगली शिकलेली माणसेही तो विचार न करता पुढे पाठवतात. त्याचा आशय थोडक्यात असा: इटलीतल्या स्त्रिया नोकरीच्या आणि मौजमजेच्या मागे लागल्या, त्यांना मुले नकोशी झाली, पस्तिशीपर्यंत त्यांनी मातृत्व लांबवले, घटस्फोट व गर्भपात सर्रास झाले, सरकारने पैसे देऊ केले तरी त्या बधल्या नाहीत, आणि आता तो देश नामशेष होण्याच्या वाटेवर असून त्याची जागा परदेशी लोक घेत आहेत. शेवटी आपल्या मुलींसाठी एक ओळ असते, ‘वेळेत लग्न करा, वेळेत आई व्हा.’ हा मजकूर एका खऱ्या आणि गंभीर प्रश्नाचे खोटे कारण सांगतो व त्याचा दोष चुकीच्या व्यक्तींवर टाकतो, म्हणून त्यातील मुद्दे एकेक करून तपासणे मला आवश्यक वाटते.

जन्म घटले आहेत, यात वाद नाही. इस्तात या इटलीच्या राष्ट्रीय सांख्यिकी संस्थेच्या आकड्यांनुसार २००८ मध्ये तेथे सुमारे ५ लाख ७७ हजार बालके जन्मली होती. २०२४ मध्ये ही संख्या ३ लाख ७० हजारांवर आली. एका स्त्रीला आयुष्यात सरासरी किती मुले होतील हे सांगणारा एकूण जननदर २०२४ मध्ये १.१८ होता, आणि लोकसंख्या स्थिर राहण्यासाठी तो साधारण २.१ असावा लागतो. पहिल्या बाळंतपणाच्या वेळी आईचे सरासरी वय साडेएकतीसच्या पुढे गेले असून युरोपीय संघात ते सर्वाधिक वयांपैकी आहे.

या घसरणीचा सगळा भार मजकूर आजच्या तरुणींवर टाकतो, आणि त्याची पहिली चूक इथेच होते. १९९५ मध्ये इटलीचा जननदर १.१९ होता, म्हणजे जवळजवळ आजच्याइतकाच. तरीही त्या वर्षी सुमारे सव्वापाच लाख मुले जन्मली, आणि २०२४ मध्ये दर तितकाच असताना दीड लाखांहून अधिक कमी. दर सारखा असूनही जन्म कमी झाले, कारण आई होऊ शकणाऱ्या स्त्रियाच कमी आहेत. १९६४ मध्ये इटलीत दहा लाखांहून अधिक मुले जन्मली होती, आणि त्या पिढीतल्या मुली १९९५ च्या सुमारास तिशीत होत्या. आज जी स्त्री तिशीत आहे, ती स्वतः १९९५ च्या त्या सव्वापाच लाखांपैकी एक आहे. जी मुलगी तीस वर्षांपूर्वी जन्मलीच नाही, ती आज आई होणार नाही, आणि तिच्या वाटच्या जन्मांचा जाब तिच्या वयाच्या इतर मुलींना विचारणे अन्यायाचे आहे. २००८ नंतरच्या घसरणीचा मोठा वाटा इस्तातचे विश्लेषणही या घटलेल्या मातृसंख्येलाच देते. उद्या प्रत्येक इटालियन तरुणीला आजच्यापेक्षा थोडी अधिक मुले झाली, तरी १९६० च्या दशकातील आकडा परत येणार नाही.

‘स्त्रिया नोकरीला लागल्या म्हणून जन्म घटले’ हे विधान सर्वांत जास्त पटते, म्हणून त्याच्यावर अधिक थांबायला हवे. ते खरे असते, तर ज्या देशात स्त्रिया सर्वांत कमी नोकरी करतात तेथे मुले अधिक असायला हवी होती. इटलीत १५ ते ६४ वयोगटातील स्त्रियांपैकी जेमतेम ५३ टक्के कामावर आहेत, तर युरोपीय संघाची सरासरी ६६ टक्क्यांच्या आसपास आहे. संघात इटलीचे स्थान याबाबतीत तळाला आहे. फ्रान्समध्ये आणि स्वीडनमध्ये त्याहून कितीतरी अधिक स्त्रिया नोकरी करतात, आणि दोन्ही देशांचा जननदर इटलीपेक्षा वर आहे.

देशाच्या आत पाहिले तर चित्र अधिक स्पष्ट होते. नेपल्स ज्या कांपानिया प्रदेशाची राजधानी आहे, तेथे दहांपैकी साधारण तीनच स्त्रिया कामावर असतात. १९८० च्या सुमारास तेथील जननदर दोनाच्या वर होता, आणि आज तो १.३ च्या आसपास आहे. तेथील बहुसंख्य स्त्रियांना नोकरी अजूनही मिळालेली नाही, मुले मात्र घटली, मग ती नोकरीपायी घटली असे कसे म्हणायचे? याउलट उत्तरेकडच्या बोल्झानो प्रांतात स्त्रियांच्या नोकरीचे प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा पुष्कळ वर आहे, कुटुंबांसाठीचे साहाय्य तेथे अनेक वर्षे टिकून आहे, आणि जननदर दीडच्या आसपास, म्हणजे देशात सर्वांत वरचा आहे. सार्डिनिया बेटावर तो एकाच्याही खाली गेला आहे. कांपानिया आणि सिसिली आजही देशाच्या सरासरीपेक्षा किंचित वर आहेत, हे मान्य केलेच पाहिजे, म्हणून मी ‘नोकरी वाढली की मुले वाढतात’ असा उलटा नियम मांडत नाही. नोकरीला कारण ठरवणारा नियम मात्र या आकड्यांपुढे टिकत नाही.

नोकरी आणि मूल यांची गाठ इटलीत कुठे बसते, ते तेथील कामगार निरीक्षण यंत्रणेच्या नोंदींतून दिसते. तीन वर्षांपर्यंतचे मूल असलेल्या आईचा किंवा वडिलांचा राजीनामा या यंत्रणेने खातरजमा केल्यावरच ग्राह्य धरला जातो. २०२२ मध्ये अशा सुमारे ६१ हजार प्रकरणांची नोंद झाली आणि त्यांतील ४४ हजारांहून अधिक स्त्रियांची होती. स्त्रियांनी दिलेले प्रमुख कारण मुलाचा सांभाळ आणि नोकरी यांचा मेळ बसत नाही हे होते, तर पुरुषांचे प्रमुख कारण दुसऱ्या कंपनीत नोकरी मिळाली हे. ही खातरजमा उगाच आलेली नाही. नोकरीवर घेतानाच तरुणीकडून तारीख नसलेल्या कोऱ्या राजीनाम्यावर सही घ्यायची आणि ती गरोदर राहिली की त्यावर तारीख घालायची, ही चाल तेथे इतकी रुळलेली होती की तिला स्वतंत्र नाव पडले होते. ती रोखणारा कायदा २००७ मध्ये आला, पुढच्याच वर्षी रद्द झाला, आणि अखेर २०१६ पासून राजीनामा संगणकीय पद्धतीने देणे बंधनकारक करून तिला आळा घालण्यात आला. ज्या तरुणीने असा कागद सही करून दिला होता, तिला ‘करिअरच्या मागे लागलेली’ म्हणताना आपली जीभ अडखळायला हवी.

पाळणाघरांचीही गत अशीच आहे. तीन वर्षांखालील शंभर मुलांमागे देशात सुमारे तीस जागा आहेत. एमिलिया-रोमान्यासारख्या प्रदेशात चाळीसहून अधिक, तर कांपानिया आणि सिसिलीत पंधराहूनही कमी. उरलेला भार आजी-आजोबा उचलतात. पण आई जसजशी उशिरा होते तसतशी आजीही म्हातारी होते, आणि मग एकाच स्त्रीला तान्ह्या मुलाचे व आजारी आईचे करावे लागते. दुसऱ्या मुलाचा विचार अनेकदा इथेच सुटतो.

‘त्यांना मुले नकोशी झाली’ हा आरोप इस्तातच्या २०१६ च्या पाहणीत पार खोटा ठरतो. तीत दोन मुले हवी असणाऱ्यांचे प्रमाण ४६ टक्के होते, तीन किंवा अधिक हवी असणारे सुमारे २२ टक्के, आणि एकच मूल पुरे म्हणणारे साडेपाच टक्के. १८ ते ४९ वयाच्या ज्या स्त्रियांना मूल नव्हते, त्यांच्यापैकी मूल आपल्या आयुष्याच्या बेतात बसत नाही असे सांगणाऱ्या साडेसतरा टक्क्यांच्या आसपास होत्या. इच्छा दोनाची आहे आणि पदरी सरासरी एक पडते. कुणालाही मूल नको असण्याचा अधिकार आहेच, पण इटलीतील दुःख मुख्यतः हवे असलेले मूल न होण्याचे आहे.

लांबलेल्या मातृत्वाचा मुद्दा निराधार नाही. पस्तिशीनंतर गर्भधारणा अवघड होत जाते, आणि पहिले मूल बत्तिसाव्या वर्षी झाले तर दुसऱ्यासाठी वेळ थोडाच उरतो. प्रश्न आहे तो हा उशीर कोण करते याचा. इटलीत तरुण माणूस आईवडिलांच्या घरातून बाहेर पडतो तो सरासरी तिसाव्या वर्षी. स्वीडनमध्ये हेच विशीच्या सुरुवातीला घडते. हातात मुदतीच्या कंत्राटाची नोकरी असते, ते संपल्यावर नवे मिळेलच याची खात्री नसते, आणि अशा पगारावर घराचे कर्ज उभे राहत नाही. २०१६ मध्ये आरोग्यमंत्री बेआत्रिचे लोरेंझिन यांच्या खात्याने २२ सप्टेंबर हा ‘जननक्षमता दिन’ जाहीर केला आणि त्यासाठी हातात वाळूचे घड्याळ धरलेल्या तरुणीचे भित्तिपत्रक काढले. सौंदर्याला वय नसते, जननक्षमतेला असते, असा त्यावरचा संदेश होता. देशभर संताप उसळला, पंतप्रधान मात्तेओ रेन्झी यांनी मोहिमेपासून अंतर राखले, आणि ती जाहिरात मागे घ्यावी लागली. वय वाढते आहे हे त्या तरुणींना कळत नव्हते असे नाही. घड्याळ दाखवणाऱ्या खात्याकडे त्यांना द्यायला पाळणाघर नव्हते, म्हणून ते चित्र झोंबले.

घटस्फोट आणि गर्भपात यांच्याविषयी फार लिहायला नको. गर्भपाताला १९७८ मध्ये कायद्याने मान्यता मिळाली. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला वर्षाला सुमारे २ लाख ३४ हजार गर्भपात होत, आणि २०२२ मध्ये ते ६५ हजारांच्या आसपास आले. जन्म घटत असताना गर्भपातही घटले आहेत, तेव्हा एकाचा दोष दुसऱ्याला देता येत नाही. इटलीत आता दहांपैकी चारहून अधिक मुले विवाहाबाहेर जन्मतात. फ्रान्समध्ये हे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे आणि तेथील जननदरही अधिक आहे.

परदेशी लोकांची भीती दाखवणारे एक गोष्ट सांगत नाहीत. इटलीत राहणाऱ्या परदेशी स्त्रियांचा जननदर २००८ मध्ये अडीचच्या वर होता आणि २०२३ मध्ये तो १.८ वर आला. तेच भाडे, त्याच नोकऱ्या आणि तीच पाळणाघरे वाट्याला आली की त्यांचेही तेच होते.

सरकारी पैशाने फरक पडत नाही, हे म्हणणे अर्धे खरे आहे. मार्च २०२२ पासून प्रत्येक मुलामागे दरमहा भत्ता मिळतो, आणि तरी जन्म घटतच आहेत. उदार सोयी असलेल्या फिनलंडचा जननदरही २०२३ मध्ये १.२६ पर्यंत उतरला, तेव्हा सोयी दिल्या की सारे सुटेल असे आश्वासन कोणीही प्रामाणिकपणे देऊ शकत नाही. मात्र स्त्रियांवर सक्ती करून पाहण्याचा प्रयोगही इटलीने केलेला आहे. मुसोलिनीने १९२७ मध्ये ‘जन्मांची लढाई’ पुकारली, अविवाहित पुरुषांवर कर बसवला आणि संततिनियमनाच्या प्रचाराला गुन्हा ठरवले. ती प्रचारबंदी घटनात्मक न्यायालयाने १९७१ मध्ये उठवेपर्यंत टिकली. एवढे करूनही १९३० च्या दशकात जन्मदर एकंदरीत खालीच आला. त्या काळी ना घटस्फोट होता, ना कायदेशीर गर्भपात, ना कचेऱ्यांत काम करणाऱ्या स्त्रियांची आजच्यासारखी संख्या.

राहिली ती शेवटची ओळ, आपल्या मुलींसाठीची. महाराष्ट्रात बहुतेक स्त्रियांचे पहिले बाळंतपण आजही पंचविशीच्या आत होते, आणि तरी २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत राज्याचा जननदर १.७ होता, गोव्याचा १.३. लवकर लग्न, लवकर बाळंतपण आणि दोन मुलांनंतर शस्त्रक्रिया हा आपल्याकडच्या असंख्य घरांचा क्रम आहे. लवकर आई होणे आणि अधिक मुलांची आई होणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे समजण्यासाठी इटलीपर्यंत जाण्याचीही गरज नाही. ज्या मुलीला हा मजकूर पाठवला जातो, तिच्या आईला विचारले तरी पुरेल.