जिल्लो खंय आणि किल्लो खंय

मंगळवारी दुपारी एकच्या सुमाराला दुकानात एक नवराबायको आले. ठाण्याहून रात्रभर गाडी चालवत आलेले, डोळे तांबारलेले. अकरा वाजता इथे ओरोसच्या कलेक्टर कचेरीत अपिलाची सुनावणी होती. फोनात ‘सिंधुदुर्ग’ टाकलं आणि फोनने त्यांना नेलं थेट मालवणच्या जेटीवर. तिथे होडीवाला विचारतो, "किल्ल्यार येतास काय?" बिचारे तसेच मागे फिरले. कसालवरून ओरोसला पोचेपर्यंत पुढची तारीख पडलेली. मी त्यांच्या कागदांच्या झेरॉक्स काढत होते, तर मागून सासूबाई म्हणाल्या, "अरे झिला, जिल्लो खंय आणि किल्लो खंय!"

वहिनींना हसू आलं. दादांना नाही आलं, आणि त्यांची चूक नाही.

बाहेरच्या माणसाला कसं कळावं? किल्ला सिंधुदुर्ग, तो मालवणच्या समुद्रात, कुरटे बेटावर. १६६४ साली महाराजांनी बांधायला घेतला. जिल्हा सिंधुदुर्ग, तो १ मे १९८१ ला रत्नागिरीतून वेगळा निघाला. रेल्वेचं ‘सिंधुदुर्ग’ स्टेशन इथे ओरोसला. ‘सिंधुदुर्ग’ विमानतळ चिपीला, म्हणजे वेंगुर्ला तालुक्यात. आणि ज्या गावात कलेक्टर बसतात त्याचं कागदावरचं नाव सिंधुदुर्गनगरी, तोंडातलं ओरोस, तालुका कुडाळ. नुसतं ‘सिंधुदुर्ग’ नावाचं गाव आठही तालुक्यांत कुठेच नाही.

रात्री दुकान बंद केल्यावर माझा एक उद्योग असतो, तो घरच्यांना माहीत आहे आणि त्यावरून बोलणीही खाऊन झालीयेत. मी ओपनस्ट्रीटमॅपवर नकाशा भरते. २००४ साली इंग्लंडमध्ये सुरू झालेला हा नकाशा कुणा एका कंपनीचा नाही. विकिपीडियासारखाच, कुणीही भर घालावी, कुणीही दुरुस्त करावं. पाणंद, विहीर, व्हाळ, देवराई, असं बरंच काही मी त्यात टाकलंय. पण सगळ्यात जास्त डोकं कशाने खाल्लं असेल, तर ‘राजधानी’ या एका शब्दाने.

तिथे गाव म्हणजे एक बिंदू. त्या बिंदूला टॅग लावायचे: नाव काय, शहर की खेडं, लोकसंख्या किती. त्यातच एक टॅग ‘कॅपिटल’. देशाची राजधानी असेल तर ‘येस’, राज्याची असेल तर ४, आपल्याकडे जिल्ह्याचं मुख्यालय असेल तर ५. हे आकडे हद्दीच्या पातळीचे. देश २, राज्य ४, जिल्हा ५, तालुका ६. इथवर सोपं आहे. दुसरी पद्धत अशी की बिंदूला शेंडी न लावता जिल्ह्याची जी हद्द आखलेली असते, तिच्यातच ‘या हद्दीचा कारभार या बिंदूवरून चालतो’ असं जोडून द्यायचं. बरेच लोक दोन्ही करतात. मग एक बदलतं, दुसरं तसंच राहतं, आणि दोन्हींचा मेळ बसत नाही.

माझं मत सांगायचं तर दुसरी पद्धत खरी. पहिली म्हणजे कपाळाला लावलेला टिळा. राजधानी हा गावाचा गुण नाही हो, ते नातं आहे. ‘मुलगी सासुरवाशीण आहे’ एवढंच सांगितलं तर आमची आजी पहिला प्रश्न विचारायची, "खंयची?" तसंच हे. कुणाची राजधानी, ते सांगितल्याशिवाय राजधानी म्हणण्यात अर्थ नाही.

चंदीगड बघा. पंजाबची राजधानी, हरयाणाची राजधानी, आणि स्वतः केंद्रशासित प्रदेश, म्हणजे दोन्ही राज्यांच्या हद्दीबाहेर. बिंदूवर ४ लिहिलं की हे सगळं गुडूप. हद्दीतून जोडलं तर दोन राज्यांच्या दोन दोऱ्या एकाच बिंदूला येऊन बांधल्या जातात आणि नकाशा न चुकता सांगतो. २ जून २०२४ पर्यंत हैदराबादचंही असंच होतं, तेलंगणाचं आणि आंध्रचं सामायिक. ती तारीख उलटली तेव्हा हैदराबादमधली एक वीटही हलली नाही, हलली फक्त दोरी.

दक्षिण आफ्रिकेत तर कारभार प्रिटोरियात, संसद केपटाउनला, वरचं न्यायालय ब्लूमफाँटेनला. नेदरलँड्सची घटनेप्रमाणे राजधानी ॲमस्टरडॅम, पण सरकार बसतं हेगला. बोलिव्हियाची सुक्रे, सरकार ला पाझला. अशा ठिकाणी ‘एकच खूण लावा’ म्हणून भांडणारे लोक मला कळतच नाहीत. ज्याचं जे काम तिथे चालतं, ते लिहा की.

यावरून नागपूरच्या एका मॅपर मित्राशी माझं चांगलंच वाजलं होतं. त्याचं म्हणणं, नागपूर उपराजधानी आहे, १९५३ च्या नागपूर करारानुसार हिवाळी अधिवेशन तिथे होतं, मग मुंबईसारखाच ४ का नको? मी म्हटलं, बाबा, अधिवेशन संपलं की फायली पुन्हा मुंबईला येतात ना? तो म्हणाला, तुम्हा कोकणातल्यांना काय, मुंबई तुमचीच. इथे मात्र मला हसू आलं. आमचा विभाग कोकण, आणि त्याच्या आयुक्तांची कचेरी बेलापूरच्या कोकण भवनात. दोडामार्गच्या माणसाला बेलापूर म्हणजे तुमच्यापेक्षा जवळ वाटतं असं समजू नका! (त्याच्या मुद्द्यात दम नव्हता असं नाही. अधिवेशनाचं काम नोंदायला वेगळा टॅग असावा हे मला पटलं. ४ मात्र नाही दिला.)

या सगळ्यात ज्याचा मला मनापासून राग येतो ते वेगळंच. जिल्ह्याचं ठिकाण म्हणजे गाव मोठंच असणार, असं धरून लोक ओरोसला ‘शहर’ करून टाकतात, म्हणजे लांबून बघतानाही नाव ठळक दिसावं. या नकाशावाल्यांचा जुना दंडक आहे की चित्र छान दिसावं म्हणून टॅग लावायचा नाही, जे जमिनीवर आहे तेच लिहायचं. ओरोस शहर नाही. हायवेच्या दोन्ही अंगांना कचेऱ्या, क्वार्टर्स, चार टपऱ्या, आमची झेरॉक्सची दुकानं, आणि साडेसहानंतर सामसूम. बाजार करायचा तर आम्ही कुडाळला नाहीतर कणकवलीला जातो. पण सातबाऱ्याचं अपील, शस्त्राचा परवाना, एसपी साहेब, जिल्हा परिषद, या सगळ्यासाठी कुडाळ-कणकवलीवाल्यांना इकडेच यावं लागतं. केवढं आहे आणि कुणाचं मुख्यालय आहे, हे दोन वेगळे प्रश्न. उत्तरंही वेगवेगळ्या रकान्यात लिहा.

रायगडवाले हे वाचून मान डोलावत असतील. त्यांचा जिल्हा १९८१ पर्यंत कुलाबा होता, मग रायगड झाला, आणि मुख्यालय राहिलं अलिबागलाच. किल्ला महाड तालुक्यात. १६७४ ला राज्याभिषेक झाला ती राजधानी रायगड, आजची कचेरी अलिबागला. मध्ये एका उत्साही मुलाने मला विचारलं होतं की रायगडाला ‘कॅपिटल’ लावू का. लेकरा, भावना कळते, पण आजच्या नकाशात नको. गेलेल्या काळासाठी ओपनहिस्टॉरिकलमॅप म्हणून वेगळा नकाशा आहे, त्यात सुरुवातीची आणि शेवटाची तारीख घालून बसव, तिथे ती राजधानीच आहे. तिथे सावंतवाडीही संस्थानाची राजधानी म्हणून बसेल आणि आमच्या रत्नागिरीच्या थिबा राजाची, म्हणजे ब्रह्मदेशच्या राजाची, मंडालेसुद्धा. इंग्रजांनी १८८५ ला त्याचं राज्य घेतलं, रत्नागिरीला आणून ठेवलं, १९१६ ला तो तिथेच वारला. त्याच्या देशाची राजधानी पुढे रंगून झाली आणि आता नेपिडो आहे. एका देशाच्या तीन राजधान्या, तारखा नसतील तर तिन्ही खोट्या पडतात.

असो. काल रात्री जेवणं झाल्यावर ओरोसचा बिंदू उघडून बसले. ‘शहर’ काढलं, जिल्ह्याच्या हद्दीला दोरी बांधली. अडलं ते नावापाशी. मुख्य नाव सिंधुदुर्गनगरी घालून ओरोस पर्यायी ठेवू, की उलट? कचेरीच्या पाटीवर एक, लोकांच्या तोंडी दुसरं. शिवाय ओरोसचं जुनं गावठण आणि कचेऱ्यांसाठी वसवलेली नगरी हे एकच ठिकाण धरायचं की दोन बिंदू करायचे? दोन केले तर दोरी नगरीला बांधायला हवी.

तेव्हा गावठणातल्या मंडळींनी खाली सांगा, तुमच्या लाइट बिलावर पत्ता कुठला छापून येतो? बिलाचे फोटो टाकू नका, नुसतं नाव लिहा.