आजच घ्या, तपासायला आयुष्य पडलंय

रात्री पावणेबाराला व्हॉट्सअ‍ॅपवर वेताळ येतो, म्हणजे ‘फँटम’च्या जुन्या मराठी कॉमिकचं मुखपृष्ठ. फोटो जरा हललेला, ट्यूबलाइटचा पांढरा पट्टा नेमका क्रमांकावर पडलेला, कोपऱ्यात कुणा मुलाने निळ्या शाईत लिहिलेलं ‘इ. ५ वी ब’. खाली मजकूर, ‘इंद्रजाल मराठी. अल्ट्रा रेअर. सिंगल पीस. दोन पार्टी थांबल्यात. बारापर्यंत टोकन टाका, नाहीतर माल दुबईला.’ अशा वेळी मुरलेला संग्राहक काय करतो? आधी पैसे पाठवतो, मग चष्मा शोधतो. तुम्हीही तेच करा.

दुबईच्या पार्टीविषयी मनात आदर ठेवा. महाराष्ट्रात विकला गेलेला प्रत्येक जुना अंक हिच्या हातून थोडक्यात निसटलेला असतो. तिच्याकडे पैसा अमाप, फक्त बाराच्या आत पाठवता येत नाही, एवढीच अडचण. जास्त पैसे देणारं गिऱ्हाईक दारात उभं असताना हा गृहस्थ तुमच्यासारख्या अनोळखी माणसाला झोपेतून का उठवतो, असा प्रश्न पडलाच तर तो त्याचा चांगुलपणा समजा.

क्रमांक मात्र चुकूनही विचारू नका. ‘इंद्रजाल कॉमिक्स’ हे टाइम्स ऑफ इंडियाचं चित्रकथांचं प्रकाशन मार्च १९६४ मध्ये सुरू झालं आणि १९९० मध्ये बंद पडलं. आधी सलग क्रमांक होते, ते ४४३ पर्यंत गेले. त्यानंतर वर्ष आणि अंक अशी नवी मोजणी आली. त्यामुळे ‘वर्ष २०, अंक १’ अशी ऐंशीच्या दशकातली प्रत ‘नंबर वन, फर्स्ट इश्यू’ म्हणून समोर आली तर विक्रेता खोटं बोलत नाही, अर्धंच वाचतो. पहिल्या ३२ अंकांत गोष्टी वेताळाच्याच होत्या, मँड्रेक जादूगार त्यानंतरचा आणि आबिद सुरतींचा नायक बहादूर तर थेट १९७६ चा. तरीही मुखपृष्ठावर बहादूर असलेला ‘साठच्या दशकातला अंक’ कुणी देत असेल तर हात आखडता घेऊ नका. क्रमांक १२३ किंवा १२४ मिळत असेल तर घर गहाण टाका. टाइम्सच्या छापखान्यातल्या संपामुळे हे दोन क्रमांक निघालेच नाहीत. तेव्हा ‘जगात दुसरी प्रत नाही’ हे विक्रेत्याचं म्हणणं या दोन अंकांपुरतं अगदी खात्रीचं आहे.

मराठी प्रत मागितली असेल तर शीर्षक मोठं करून बघायचं नाही. हिंदी आणि मराठी, दोन्ही आवृत्त्या देवनागरीत आणि चित्रं तीच. फरक एका अक्षराचा. मराठीत वेताळ, हिंदीत वेताल. अंगठ्याएवढ्या फोटोत ळ आणि ल सारखेच दिसतात, आणि आतल्या पानाचा फोटो मागितला की ‘पान उघडलं तर कणा तुटेल’ असं उत्तर येतं. कण्याची एवढी काळजी घेणारा माणूस तुम्हाला फसवेल कसा?

अमर चित्र कथेच्या वाटेला जाणार असाल तर घाई आणखी वाढवा. ‘कृष्ण’ या अंकाचा क्रमांक ११. त्याआधीचे दहा क्रमांक परदेशी परीकथांचे होते. हे ज्याला माहीत नाही त्याला ‘पौराणिक मालिकेतला क्रमांक ४’ विकता येतो. तेव्हा तुम्ही आत्ता वाचलेलं हे वाक्य विसरून जा. ‘कृष्ण’ पुन्हापुन्हा छापला गेला, पुढे त्याला ५०१ हा नवा क्रमांकही मिळाला. ११ क्रमांकाची प्रत म्हणजे पहिली छपाई, असं विक्रेता म्हणतो ते मान्य करा. शेवटच्या पानावरचा प्रकाशकाचा पत्ता वाचायचा नाही. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ ला आला. ‘१९६९ ची पहिली आवृत्ती’ आणि पत्त्यात सहा आकडी पिन, असा योग जुळला तर प्रकाशकाला तीन वर्षं आधी दृष्टांत झाला असं समजून नमस्कार करा. इंग्रजी प्रतीवर ‘बॉम्बे’च्या जागी ‘मुंबई’ असेल तर ती १९९५ नंतरची, आणि बारकोड असेल तर बोलायलाच नको.

पानं मोजणं हा रसिकतेचा अपमान आहे. तरी सवयच असेल तर हिशोब असा. बत्तीस पानांचा अंक म्हणजे मधोमध दुमडून पिनांनी टाचलेले आठ कागद, मुखपृष्ठ वेगळं. एका कागदावर चार पानं. पिना गंजल्या की सर्वांत आधी मधला कागद सुटतो आणि १५ ते १८ ही चार पानं एकदम जातात. नेमकी तिथेच मारामारी असते. ३-४ चं पान कुणी फाडलं असेल तर त्याच कागदाचं दुसरं टोक, म्हणजे २९-३०, अधांतरी लोंबकळत असतं. जोडीदार पानांची बेरीज नेहमी ३३. विक्रेत्याला ‘सगळी पानं आहेत का’ असं विचारलं तर ‘कम्प्लीट आहे’ असं उत्तर मिळतं. ‘१६ आणि १७ समोरासमोर उघडून, मधल्या पिना दिसतील असा फोटो द्या’ म्हटलं की माल दुबईला निघतो.

पिनांचंही तसंच. साठ वर्षं मुंबई-कोकणचे पावसाळे काढलेली पिन लखलखीत असेल तर ती चांगली जपली असं म्हणा. जुन्या छिद्रांभोवती गंजाचे तपकिरी डाग आणि त्यांत नवी कोरी पिन दिसली, तर एका प्रतीचं मुखपृष्ठ दुसरीच्या पोटाला लावलं असावं अशी शंका काही कुजकट लोक घेतात. कण्यापासून बोटभर आत सुईची भोकं असतील तर अंक कुणीतरी बाइंडिंग करून ठेवला होता, आणि बाइंडरने कडा सारख्या करायला तीन बाजूंनी कटिंग मारलं होतं. अशी प्रत चांगल्या प्रतीशेजारी ठेवली तर पाव इंच तरी आखूड भरते, कधी वरच्या ओळीतल्या संवादांच्या फुग्यांचं डोकंही उडालेलं असतं. याला ‘शार्प एजेस’ म्हणतात.

विक्रेत्यांची भाषा एकदा शिकून घेतली की सौदा झटपट होतो. ‘मिंट’ म्हणजे मुखपृष्ठ आहे. ‘निअर मिंट’ म्हणजे मुखपृष्ठ सेलोटेपने लावलंय. (जुन्या सेलोटेपचा गोंद कागदात मुरतो, पट्टी गळून पडते आणि तपकिरी चट्टा कायमचा राहतो, तो निघत नाही, निघतो म्हणणाऱ्याला अंक देऊ नका.) ‘व्हिंटेज लुक’ म्हणजे वाळवी. ‘रिस्टोअर्ड’ म्हणजे रंगीत प्रिंटआउट. ‘लॅमिनेटेड, एकदम सेफ’ म्हणजे अंक संपला, त्याचा अंत्यविधीही झाला.

प्रिंटआउटवरून आठवलं, दहापट मोठं दाखवणारं भिंग घेऊ नका. दोन-तीनशे रुपयांचं हे यंत्र सुंदर नाती तोडतं. जुन्या छपाईत रंग म्हणजे ओळीत बसवलेल्या ठिपक्यांची जाळी. घरच्या इंकजेटचे ठिपके रांगोळी उधळल्यासारखे विखुरलेले, आणि छापील पान स्कॅन करून पुन्हा छापलं की एका जाळीवर दुसरी जाळी बसून लाटा उमटतात. अतिनील टॉर्चही नको. आजच्या झेरॉक्सच्या कागदात शुभ्रता वाढवणारी रसायनं असतात, अंधारात तो निळसर पेटतो. आतला जुना वर्तमानपत्री कागद मंद, मळकट राहतो. मुखपृष्ठाचा कागद वेगळा असल्याने त्यावर एवढ्यानेच निकाल देता येत नाही, म्हणून टॉर्च आतल्या पानांवर मारायची. म्हणजे, मारायची नाही. खरा पिवळेपणा कडांकडून आत सरकतो, कारण हवा कडांना आधी लागते. चहाच्या पाण्यात बुडवलेलं पान मात्र मधोमधसुद्धा तेवढंच पिवळं, आणि घड्यांत जास्त गडद. रंग चहाचा असला तरी चहा चांगला असू शकतो.

आता किमतीचं. ‘मार्केट रेट’ म्हणजे याच विक्रेत्याने गेल्या महिन्यात मागितलेली आणि कुणीच न दिलेली रक्कम. मागितलेली किंमत आणि प्रत्यक्ष मिळालेली किंमत यांत फरक असतो, हे भाजीच्या गाड्यावर आपल्याला कळतं. वेताळ दिसला की कळत नाही. ग्रुपवरच्या लिलावात शेवटच्या दोन मिनिटांत एक नंबर उगवतो, पाचशे-पाचशेने चढत जातो आणि तुम्ही थांबलात की तोही थांबतो. लिलाव तो जिंकला तर दुसऱ्या दिवशी ‘पार्टीने बॅक आउट केलं, तुमच्याच रेटला देतो’ असा निरोप येतो. नशीब काढलंत. किंमत तेवीसशे होती तेव्हा तुमच्याखेरीज कोणीच नव्हतं, हे मोजायला बसू नका.

अमेरिकेतले लोक या बाबतीत आपल्या पुढे होते. नोव्हेंबर १९९२ मध्ये सुपरमॅनच्या मृत्यूचा ७५ वा अंक काळ्या पिशवीत सीलबंद आला. मुलांच्या कॉलेजची सोय होईल म्हणून लोकांनी चार-चार, दहा-दहा प्रती न उघडता ठेवल्या. सगळ्यांनीच ठेवल्या, आणि पंचाईत तिथेच झाली. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो १९३८ मधला अंक आज महाग आहे, कारण तो पोरांनी वाचून फाडला, आयांनी टाकला आणि युद्धात कागद गोळा करणाऱ्यांनी नेला. दुर्मीळ होण्याचं काम रद्दीवाला करतो, प्रकाशक किंवा विक्रेता नाही. ‘लिमिटेड कलेक्टर्स एडिशन’ असं नव्या पुनर्मुद्रणावर छापलेलं दिसलं की हे आठवू नका.

पैसे देताना ‘आधी टोकन, मग पत्ता’ हा क्रम पाळा. ‘रिफंडसाठी यूपीआय पिन टाका’ असं सांगितलं तर टाका. पिन पैसे जाण्यासाठी लागतो, येण्यासाठी नाही, एवढा तपशील कोण बघतो? कॅश ऑन डिलिव्हरी, पार्सल उघडतानाचा व्हिडिओ, पुण्यात असाल तर रविवारी जुन्या बाजारात समोरासमोर भेट, हे विषय काढले की संबंधांत कटुता येते. चार दिवस थांबून त्याच अंकाची दुसरी प्रत येते का बघणं हा तर विश्वासघातच.

पार्सल आलं की न उघडता कपाटात ठेवा, पीव्हीसीच्या पिशवीत. पीव्हीसीतून सुटणारं तेलकट द्रव्य काही वर्षांत शाईला चिकटतं आणि मुखपृष्ठ पिशवीवर उतरतं, म्हणजे एका किमतीत दोन प्रती. पंधरा दिवसांनी, पुन्हा पावणेबाराला, पुन्हा वेताळ येईल. तोच अंक, तोच ट्यूबलाइटचा पट्टा, कोपऱ्यात तेच ‘इ. ५ वी ब’, खाली ‘सिंगल पीस’. तुम्ही उठून कपाटातली प्रत बाहेर काढाल, दिव्याखाली धराल. तिच्या कोपऱ्यात काहीच लिहिलेलं नसेल. लगेच टोकन टाका. पाचवी ब ची प्रत अजून तुमच्याकडे कुठे आहे?