झाकण उघडणारा हात

आमच्या गल्लीच्या तोंडाशी सिमेंटची उघडी कचराकुंडी होती. ती हटवून तिथे हिरवा, चाकांचा, झाकणाचा ११०० लिटरचा कंटेनर ठेवा, या अर्जावर माझीही सही आहे. कंटेनर आला आणि फरक लगेच दिसला. कुत्री पिशव्या फाडेनात, गाई प्लॅस्टिकसकट शिळं अन्न गिळेनात. पावसाचं पाणी कचऱ्यात जाणंही थांबलं, आणि ही गोष्ट दिसते तेवढी लहान नाही. भिजलेला कचरा जड होतो, त्यातून काळं पाणी रस्त्यावर येतं, आणि वाहतुकीचं बिल वजनावर निघत असेल तर त्या पावसाचे पैसेही आपणच भरतो.

म्हणून आधीच सांगते, मी बंद कंटेनरच्या बाजूचीच आहे. पण गेल्या सोमवारी सकाळी जे पाहिलं ते लिहिल्याशिवाय राहवत नाही.

दोन दिवस गाडी फिरकली नव्हती. सफाईच्या ताईंनी झाकण उचललं आणि तोंड फिरवून त्या मागे सरकल्या. पदर नाकाला लावून थोडा वेळ तशाच उभ्या राहिल्या. आत वरणभाताची फुटलेली पिशवी, तिला चिकटलेलं डायपर, आणि मधोमध फुटलेली ट्यूबलाइट. मी माझी पिशवी हातात घेऊन उभी. त्या म्हणाल्या, "ताई, काच टाकली तर निदान कागदात गुंडाळून टाकायला सांगा हो सगळ्यांना. हात आत घालावा लागतो." त्यांच्या तर्जनीला चिंधी बांधलेली होती. हातमोजे नव्हते.

झाकणामुळे कचरा आपल्याला दिसेनासा होतो. त्यांना तो रोज उघडून बघावा लागतो.

ओला कचरा हवाबंद कोंबला की तो कुजतो, त्याचं खत होत नाही. हवेशिवाय जगणारे जिवाणू कामाला लागतात, त्यातून मिथेन आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा वायू सुटतो. माझ्या गच्चीवर खताची बादली आहे, तिला चारही बाजूंनी भोकं पाडलीत. तेच भाजीचे देठ, त्याच केळीच्या साली, वर मूठभर कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. शेजारच्यांना आजवर वास आलेला नाही. मिथेनचं म्हणाल तर तो पेट घेणारा वायू, मुंबईतल्या देवनारचं आठवा. १९२७ पासून कचरा पडत असलेला तो डोंगर २०१६ च्या जानेवारीत पेटला आणि शहरभर कित्येक दिवस धूर होता.

घनकचऱ्याच्या सरकारी नियमांत हे सगळं आहे. साठवलेला कचरा उघडा राहू नये, तो हाताने हाताळला जाऊ नये, असं २००० च्या नियमांतच लिहिलं होतं. २०१६ च्या नियमांनी ओला, सुका आणि घरगुती घातक कचरा घरातच वेगळा करायला सांगितलं. आमच्याकडे पहिल्या नियमातलं झाकण तेवढं आलं. कंटेनर मात्र एकच, सगळं त्यातच. झाकण जड, हात लावायला किळसवाणं, म्हणून निम्मे लोक पिशवी बाजूलाच ठेवून जातात. ते जड झाकण रोज उचलतात त्या ताई. पायाने उघडणारं झाकण मागितलं असतं तर बरं झालं असतं. अर्ज लिहिताना ते आमच्यापैकी एकालाही सुचलं नाही. कंटेनर कुणी वापरायचा एवढाच विचार आम्ही केला, रिकामा कोण करणार याचा केलाच नाही.

आता नवा अर्ज लिहिलाय. ओल्याचा कंटेनर वेगळा आणि तो रोज उचलला जावा, रविवारीसुद्धा. आपल्याकडच्या उन्हात ओला कचरा दुसरा दिवस काढत नाही. दोन्ही कंटेनरना पायाने उघडणारी झाकणं. आणि कामगारांना हातमोजे, फाटले की लगेच नवे.

आपल्याकडून काय, तर पुण्यात 'स्वच्छ' या सहकारी संस्थेच्या कचरावेचक महिलांनी लाल ठिपक्याची मोहीम चालवली, तीच आपण करू. डायपर, सॅनिटरी पॅड वर्तमानपत्रात गुंडाळायचं, वर लाल पेनाने मोठा ठिपका काढायचा आणि वेगळं द्यायचं. फुटलेली काच खोक्यात, वर ठळक अक्षरात 'काच' लिहून.

अर्ज माझ्या घरी आहे. संध्याकाळी सातनंतर कधीही या सहीला. लाल पेन घरात नसेल त्यांच्यासाठी मी डझनभर आणून ठेवलेत.