मिठाची भूमिका कोण करणार?

परिचर्या महाविद्यालयात सामुदायिक आरोग्य शिकवणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या ओठांवर मिशा चिकटवता यायला हव्यात, असे माझ्या नेमणूकपत्रात कुठेही लिहिलेले नव्हते. परंतु सर्जनशील अध्यापनाचे परिपत्रक आले आणि आरोग्यसंवर्धन फळ्यावरून उतरून रंगमंचावर चढले. आरोग्यसंवर्धनाविषयीच्या १९८६ च्या आंतरराष्ट्रीय ओटावा सनदेतील पाच कार्यक्षेत्रे मी आजवर तासाला सांगत असे आणि विद्यार्थी ती डुलक्या घेत ऐकत असत. त्या व्यवस्थेत दोन्ही पक्ष सुखी होते.

रक्तदाबावर भारूड बसवायचे ठरले. प्रौढाने दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे चमचाभरही नाही, एवढेच मीठ खावे, हे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे सांगणाऱ्या परिचारिकेची भूमिका कोणालाच नको होती. सगळ्यांना मीठच व्हायचे होते. पापड आणि लोणचे हे सरदार घेऊन मीठ मंचावर आले की शिट्ट्या पडत, आणि परिचारिका ग्रॅम सांगू लागली की लोक खोकत. उपदेशही शिट्ट्या घेऊ शकतो, हे एकनाथ महाराजांनी चारशे वर्षांपूर्वी दाखवून दिले आहे. आमच्या संहितेला मात्र ते साधले नव्हते.

म्हणून मी ब्राझीलचे नाट्यदिग्दर्शक ऑगस्तो बोआल यांची पद्धत आणली. तीत प्रेक्षकाने ‘थांबा’ म्हणायचे, पीडित पात्राची जागा घ्यायची आणि प्रसंग बदलून पाहायचा. प्रयोगात परिचारिका रुग्णाला रागावताच दुसऱ्या वर्षाची एक विद्यार्थिनी उठली, रुग्णाच्या खुर्चीत बसली आणि म्हणाली, “सिस्टर, सकाळी सातची ड्यूटी, जेवायला वीस मिनिटे आणि कॅन्टीनमध्ये वडापाव, खारी मिरची नि वेफर्स. कमी मीठ खाऊ कुठून?” आरोग्याला पोषक परिसर हा सनदेतला मुद्दा इतका नेमका मला कधीच मांडता आला नव्हता. पहिल्या रांगेत प्राचार्यांशेजारी बसलेले कॅन्टीनचे ठेकेदार मग स्वतःच ‘थांबा’ म्हणत मंचावर आले आणि कमी मिठाचे केले तर हीच मुले फाटकाबाहेरच्या गाडीवर जातील, असे त्यांनी खणखणीत आवाजात सुनावले. सूत्रधाराने निकाल द्यायचा नसतो, या नियमाबद्दल बोआल यांचे मी मनोमन आभार मानले.

कॅन्टीनमध्ये आता ताक मिळते. त्यात मीठ घालावे की नाही, यावर समिती नेमली आहे. पुढच्या वर्षासाठी प्राचार्यांनी हात धुणे हा निरुपद्रवी विषय सुचवला आहे. आमच्या प्रसाधनगृहात साबण नसतो हे त्यांना ठाऊक नसावे. विद्यार्थ्यांना ठाऊक आहे आणि साबणाच्या भूमिकेसाठी आतापासूनच भांडणे लागली आहेत.