आज काय भाजी?

लॉकडाऊनने तुम्हाला काय दिलं असं कोणी विचारलं तर लोक ऑक्सिमीटर म्हणतात, डालगोना कॉफी म्हणतात, वर्क फ्रॉम होम म्हणतात. मला दहावी ब दिलं. तसा हा व्हॉट्सॲप ग्रुप आधीपासून होता, पण नावाला. श्रीवर्धन तालुक्यातली आमची शाळा, १९८८ ची बॅच, कोणीतरी कोणाच्या तरी लग्नात नंबर गोळा केले आणि 'दहावी ब ८८' काढला. सकाळी गुलाबाची फुलं, संध्याकाळी समई, वाढदिवसाला केक, कोणी गेलं की हात जोडलेले, बास. आपण वर्षभरासाठी म्यूट करायचं आणि सुखात राहायचं. तेव्हा म्यूटची धाव वर्षापर्यंतच होती, 'कायमचं' म्यूट व्हॉट्सॲपवाल्यांनी २०२० च्या ऑक्टोबरात आणलं, माझा संशय आहे की आमचा ग्रुप बघूनच आणलं.

तर २२ मार्चला थाळ्या वाजवून झाल्या, २४ ला रात्री आठ वाजता एकवीस दिवस घरात बसा असं सांगून झालं. २५ ला नेमका गुढीपाडवा. दुधाचे वांधे, चक्का कुठला मिळणार, सगळ्यांनी गेल्या वर्षीच्या श्रीखंडाचे फोटो टाकून पाडवा साजरा केला. आणि २६ ला सकाळी बापूचा मेसेज, "आज काय भाजी?"

बापू म्हणजे आमच्यातला गावात राहिलेला. घरची सुपारीची वाडी, चार नारळ, एक म्हैस. त्याने आपलं सहज विचारलं असणार, बोटं शिवशिवत असतील. पण ठाण्याहून उत्तर आलं, वांगं. पेणहून मटकी. मस्कतहून डाळ, कारण तिथे आमचा लांब्या एकटाच आणि त्याला डाळच येते. न्यू जर्सीची 'पहिला नंबर', म्हणजे वर्गात पहिली यायची ती, तेव्हा झोपलेली, तिने उठल्यावर ब्रोकोली असं लिहिलं त्यावर दिवसभर चर्चा. आणि दुसऱ्या दिवसापासून जे हजेरीसारखं सुरू झालं ते काही थांबेना. उत्तर नाही दिलं की नावानिशी हाक.

आता हे वाचायला गंमत वाटते हो, पण माझ्या बाजूने बघा. डोंबिवलीत दोन खोल्या, नवरा हॉलमध्ये मीटिंगमध्ये, मुलगा बेडरूममध्ये ऑनलाइन कॉलेजमध्ये, सासूबाई दूरदर्शनवर रामायणात आणि मी ओट्याशी. तीन वेळचं मीच करतेय, बाई यायची बंद, भाज्या आणल्या की मिठाच्या पाण्यात बुडवा, दुधाची पिशवी साबणाने धुवा (हे आपण खरंच केलंय, विसरू नका), आणि वर ग्रुपवर जाऊन काय केलं ते लिहायचं. आमचे वर्गबंधू मात्र फोटो टाकणार, खाली 'आज आपला बेत'. भरली वांगी, वर कोथिंबीर, बाजूला लिंबाची फोड. मी एकदा फोटो मोठा करून बघितला तर कोपऱ्यात परातीवर हिरव्या बांगड्यांचा हात. लिहिलं, "आपला बेत छान, पण बांगड्या तुला शोभत नाहीत हो." तीन दिवस पुरुषांचे फोटो बंद. मग एकेकाच्या पोळ्यांचे फोटो यायला लागले, कुठलीही गोल नव्हती, पण हात केसाळ होते, म्हणजे प्रगती होती.

याच काळात मला एकदा फार मोठेपण मिळालं ते सोड्यांमुळे, म्हणजे सुकवलेल्या कोलंबीमुळे. मासळी बंद, मटणाच्या दुकानाला कुलूप, आणि मला डब्याच्या मागे डबा, त्याच्या मागे बरणी, बरणीत आईने दिवाळीत दिलेले सोडे सापडले. सोड्यांची खिचडी केली, फोटो टाकला. अख्खा कोकण विभाग हळहळला. लांब्याने मस्कतहून लिहिलं की वास आला.

अजून एक भानगड होती. आमच्या शाळेत मुलं-मुली बोलायची नाहीत. पाचवी ते दहावी एका वर्गात बसून लांब्याशी मी एकदाच बोललेय, प्रीलिमच्या आधी त्याने भूगोलाची वही मागितली तेव्हा, ते पण 'घे' एवढंच. आता हीच मुलं, निम्म्यांना टक्कल, काहींची पोरं लग्नाला आलेली, मला विचारतात "आपण आज काय केलंत?" एकाने ताई लिहिलं. एकाने तर वहिनी. कोणाची वहिनी रे? ज्याला माझं नाक गळत असतानाचं रूप माहितीय त्याने मला वहिनी म्हणायचं? शेवटी माझ्या बाकावरची छोटी, ती पेणला असते, तिने निकाल लावला. "मेल्यांनो, अगं-तुगं करा, नाहीतर आम्ही भावोजी म्हणायला सुरुवात करू." त्या दिवसापासून सगळे शिंगं मोडून वासरांत. इतके की आठवड्याभरात कोणी कोणाच्या वेणीला काय बांधलं होतं ते बाहेर आलं, आणि ते ज्याने केलं होतं तो आज एका पतसंस्थेचा चेअरमन आहे.

ॲडमिन म्हणजे आमचा मॉनिटर. शाळेत मॉनिटर होता, पुढे बँकेत गेला, स्वभाव तोच. राजकारण नको, धर्म नको, न तपासलेलं फॉरवर्ड नको असे नियम, आणि जो मोडेल त्याचं नाव तो रात्री नऊ वाजता 'फळ्यावर' लिहायचा. फळ्यावर कायम एकच नाव, रेडिओ. विम्याचा एजंट, त्यामुळे जगातल्या सगळ्या ग्रुपांमध्ये. कापूर-ओवा हुंगा, गरम पाण्याच्या गुळण्या केल्या की विषाणू पोटात जाऊन मरतो, ५ एप्रिलला नऊ वाजता नऊ मिनिटं दिवे लावले की तापमान वाढून विषाणू मरतो. याच्याकडचा विषाणू रोज मरायचा. ७ एप्रिलला व्हॉट्सॲपने बंधन घातलं की फार फिरलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल. आम्हाला वाटलं सुटलो. रेडिओ ते कागदावर सुवाच्य अक्षरात उतरवून त्याचा फोटो पाठवायला लागला. दहावीत या माणसाने एक निबंध पूर्ण लिहिला नव्हता.

त्याच एप्रिलमध्ये बातमी आली की दहावीचा भूगोलाचा पेपर रद्द. २३ मार्चला होता, आधी पुढे ढकलला, मग रद्दच, बाकी विषयांच्या सरासरीने मार्क. मी इतका संताप कुठल्याच बातमीवर ग्रुपवर बघितला नाही. लोकांना रोजगार नाही, गाड्या बंद, त्यावर सगळे शांत, पण भूगोल रद्द म्हटल्यावर पन्नाशीला टेकलेली माणसं पेटून उठली. आम्ही काय पाप केलं होतं? आम्हाला नकाशा भरायला लावला, खरीप-रब्बी पाठ करायला लावलं, दख्खनचं पठार कशाचं बनलं ते अजून झोपेत विचारलं तरी सांगू. मी संधी साधून लिहिलं, "लांब्या, माझी वही." दोन निळ्या टिका, उत्तर नाही. बत्तीस वर्षांत बदल नाही.

मग व्हिडिओ कॉलचा रोग आला. व्हॉट्सॲपवर आधी चौघांनाच बोलता यायचं, त्यामुळे कोणाला घेतलं कोणाला नाही यावरून रुसवेफुगवे. एप्रिलअखेर आठ जण मावायला लागले तर नववा रुसला. मग मॉनिटरने झूम आणलं. फुकटात चाळीस मिनिटं मिळायची, त्यातली निम्मी "आवाज येतोय का" मध्ये जायची. बापूचा नुसता पंखा दिसायचा. रेडिओला वाटायचं हा फोनच आहे, तो कानाला लावूनच बोलायचा, त्यामुळे आम्ही सगळे रविवारचे चाळीस मिनिटं त्याच्या कानात बसलेले. पहिला नंबर विचारायची हे गुहेसारखं काय दिसतंय. सासूबाई मागून एकदा डोकावल्या, "हे कोण गं?" म्हटलं मित्राचा कान. त्या परत रामायणाकडे गेल्या.

मे महिन्यात मी कंटाळले. खरंच सांगते, भेंडी हा शब्द टाइप करायचाही कंटाळा यायला लागला. आठ तासांसाठी म्यूट केलं, फोन पालथा ठेवला, आणि निवांत भाजी चिरायला बसले. दुपारी नवऱ्याचा फोन वाजला, भर मीटिंगमध्ये. मॉनिटर. नंबर कुठून मिळवला देव जाणे, बँकवाल्यांना काही अशक्य नाही. "ती बरी आहे ना? सकाळपासून दिसली नाही." नवऱ्याने दारातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाला, भेंडी चिरतेय. मी ग्रुप उघडला तर वर ठळक अक्षरात, "आहे. भेंडी." खाली सतरा अंगठे.

आणि मग ३ जून. निसर्ग चक्रीवादळ आमच्याच किनाऱ्यावर, श्रीवर्धन, दिवेआगर, सगळं त्याच्या वाटेत. बापूने सकाळी लिहिलं होतं, "वारा सुटलाय. आज पिठलं." त्यानंतर त्याच्या नावापुढे एकच करडी टिक. छोटीच्या कारखान्याचे पत्रे गेले, गणपती भिजले, तिने ते त्याच रात्री कळवलं. बापूचं काहीच नाही. वीज नाही, टॉवर आडवे, रस्त्यावर झाडं. लॉकडाऊनमुळे उठून जाताही येईना. सगळे आपले रोज बापूला लिहितायत, एक टिक, परत लिहितायत, एक टिक. पहिला नंबर तिकडे रात्रीची उठून टिका बघायची. कोणी भाजी लिहिली नाही, मॉनिटरने फळा लिहिला नाही, रेडिओने एक फॉरवर्ड केला नाही, आणि मला प्रथमच वाटलं की बाबा रे, काहीतरी पाठव, कापूर-ओवा पाठव.

एका संध्याकाळी सगळ्या टिका एकदम दुहेरी झाल्या. बापू मोटरसायकलने घाट चढून रेंजपर्यंत आला होता. "घर आहे. कौलं नाहीत. वाडी झोपली. म्हैस बरी. तुमचे मेसेज वाचत बसलोय त्यात दोन गुड मॉर्निंग आहेत, कोण तो हलकट?" रेडिओच होता, सवयीने गेलं म्हणाला. सुपारीचं झाड लावलं की फळायला पाच-सात वर्षं जातात, आणि बापूची वाडी आजोबांची. पण तो लिहितो, "इकडे आता सरपण फुकट आहे, कोणाला हवं?" त्या रात्री मॉनिटरने खातं क्रमांक टाकला, पत्र्यांची ऑर्डर महाडला दिली, आणि मोठ्या अक्षरात लिहिलं की पैसे दिले की स्क्रीनशॉट टाकायचा, उगाच 'पाठवले' म्हणायचं नाही.

२०२१ च्या एप्रिलबद्दल मी फार लिहीत नाही, सगळ्यांनी बघितलंय. आमच्यातला एक गेला. तो असता तर म्हणाला असता जेवणाचं बोला. पण मॉनिटर दाखल झाला तेव्हाचं सांगते. बेड मिळत नव्हता, रेमडेसिविर मिळत नव्हतं, आणि जगातल्या सगळ्या ग्रुपांमध्ये असलेला तो रेडिओ दोन तासांत बेड शोधून मोकळा. प्रत्येक नंबरवर स्वतः फोन करून, लागला तोच पुढे पाठवून. रोज सकाळी मॉनिटर आपला ऑक्सिजन लिहायचा. ९१. ९२. पहिला नंबर लिहायची, "माझ्यापेक्षा जास्त!" तिला दहावीला ८८ टक्के होते आणि त्या काळी तेवढ्यावर तालुक्यात पेढे वाटले गेले होते. सिटीस्कॅनचा स्कोअर आला, २५ पैकी ८. बापूने लगेच हिशोब केला, "बत्तीस टक्के. आयुष्यात पहिल्यांदा नापास झालास, अभिनंदन." मॉनिटरने ऑक्सिजनच्या नळीसकट अंगठा दाखवलेला फोटो टाकला आणि खाली लिहिलं, "दुधी." हॉस्पिटलात रोज दुधीच होता. आम्ही घरी मग काहीही केलेलं असो, त्याला बरं वाटावं म्हणून दुधी लिहायचो.

निर्बंध उठले ते २०२२ च्या पाडव्याच्या तोंडावर, मे महिन्यात बापूच्या वाडीत भेटायचं ठरलं. तारखेवर तीन आठवडे, शाकाहारी-मांसाहारीवर दोन. चौतीस वर्षांनी भेटणारी माणसं म्हणजे काय गहिवर असायला हवा, तर गाडीतून उतरता उतरता छोटीचा पहिला प्रश्न, "काल बिरडं उरलं होतं म्हणालीस त्याचं काय केलंस?" रेडिओचा चेहरा मी नीट बघितलाच नव्हता, कानावरून ओळखला. मॉनिटरने फणसाखाली उभं राहून सगळे आलेत का ते मोजलं. सुपारीची नवी रोपं गुडघ्याच्या वर आली होती आणि बापू प्रत्येकाला त्यात पाय पडू देऊ नका म्हणून ओरडत होता.

लांब्या मस्कतहून खास आला होता. जेवणं झाल्यावर बाजूला येऊन त्याने खजूर दिला आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक वही पुढे केली. शंभर पानी, तपकिरी कव्हर, वर स्टिकरवर माझं माहेरचं नाव, दहावी ब, विषय भूगोल. मला खरंच भरून आलं हो. उघडली तर आत कोरी.

"अरे, लिहिलेलं कुठंय?"

"पेपर रद्द झाला ना गं," लांब्या म्हणाला आणि ताक घ्यायला निघून गेला.