फवारणीचे खत, आरडीएक्स आणि विमानतळावरचे यंत्र: एका संदेशाचा प्रतिवाद

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचे म्हणणे थोडक्यात असे: विमानतळावर हातावरून, बॅगेवरून स्वॅबची पट्टी फिरवून स्फोटके शोधणाऱ्या यंत्राला खत आणि आरडीएक्स यांतला फरक कळत नाही, ते वाजले की सरळ अटक होते, इराकमध्ये विकल्या गेलेल्या बोगस यंत्रांचाच हा प्रकार आहे, आणि १९९३ मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर शेखाडीला आरडीएक्स उतरले तेव्हा असली यंत्रे कुठे होती? यातला एकही मुद्दा जसाच्या तसा टिकत नाही.

खताच्या मुद्द्यात थोडे तथ्य आहे, म्हणून तो नीट पाहायला हवा. पट्टीला चिकटलेले कण यंत्रात तापवून त्यांची वाफ केली जाते, त्या वाफेतील रेणूंना विद्युतभार दिला जातो आणि हवेने भरलेल्या नळीतून विद्युतक्षेत्राच्या जोरावर ते पुढे ढकलले जातात. लहान, सुटसुटीत आयन, म्हणजे विद्युतभार मिळालेले रेणू, लवकर पोहोचतात, मोठे रेंगाळतात. काही मिलिसेकंदांचा हा वेळ मोजून तो यंत्रातील नोंदींशी ताडला जातो. आरडीएक्सचा वेळ आणि खतातल्या नायट्रेटचा वेळ वेगळा असतो. युरियात तर नायट्रेट नसतेच. मात्र आंब्याची फळगळ कमी करण्यासाठी आपण १३-०-४५ फवारतो, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि तोच क्षार बंदुकीच्या काळ्या दारूतही असल्यामुळे काही यंत्रांच्या यादीत तो मुद्दाम ठेवलेला असतो. फवारणीच्या सदऱ्याच्या बाहीवर वाळलेला पांढुरका डाग अशा यंत्राला सापडू शकतो, पण नायट्रेट म्हणून. तेवढ्यावरून बागायतदार आरडीएक्सवाला ठरत नाही.

यंत्र वाजले म्हणजे अटक, हे तर साफ चुकीचे आहे. इशारा आला की पुन्हा नमुना घेतात, सामान उघडून पाहतात, चौकशी करतात. जांभ्याच्या चिरेखाणीत चिरे यंत्राने कापले जातात, पण काळ्या दगडाच्या खाणीत सुरुंग लावावे लागतात, आणि तिथल्या कामगाराच्या कपड्यांवर स्फोटकाचे कण खरोखरच असू शकतात. हृदयरोग्याच्या नायट्रोग्लिसरीनच्या गोळीतले औषधही मुळात स्फोटक द्रव्यच आहे. अशा वेळी यंत्र बरोबर असते आणि माणूसही निर्दोष असतो. आपला व्यवसाय किंवा औषध सरळ सांगावे, डॉक्टरांची चिठ्ठी जवळ ठेवावी, एवढे पुरते.

बोगस यंत्रांची तुलना मात्र मला सर्वांत घातक वाटते, कारण ती खऱ्या फसवणुकीचा आधार घेऊन खऱ्या विज्ञानावर संशय घेते. एडीई ६५१ नावाच्या त्या साधनात मुठीवर फिरणारी एक काडी होती आणि चालणारे काहीच नव्हते. ते विकणाऱ्या जेम्स मॅकॉर्मिकला २०१३ मध्ये ब्रिटिश न्यायालयाने दहा वर्षांची शिक्षा दिली. त्याचा दावा लांबून स्फोटक हुडकण्याचा होता. स्वॅबचे यंत्र असा दावा करत नाही. साध्या तापमानाला आरडीएक्सची वाफ इतकी विरळ असते की हवेच्या लाख कोटी भागांत तिचे काही मोजकेच भाग सापडतील, म्हणूनच पृष्ठभाग पुसून कण गोळा करावे लागतात. असे नॅनोग्रॅमभर, म्हणजे ग्रॅमच्या अब्जाव्या भागाएवढे, कणही त्याला पुरतात, आणि ठरावीक नमुना देऊन ते नीट चालते की नाही हे कोणालाही तपासता येते.

राहिला शेखाडीचा प्रश्न. १९९३ च्या फेब्रुवारीत तिथे उतरलेला माल कोणत्याही शोधयंत्रासमोर आलाच नव्हता. तो पुढे जाऊ दिल्याबद्दल कस्टम आणि पोलीस खात्यातील काही जणांना टाडा न्यायालयाने दोषी ठरवले. १२ मार्चला मुंबईतल्या बॉम्बस्फोटांत २५७ माणसे गेली, त्याचा दोष यंत्रांवर ढकलणारा संदेश पुढे पाठवणे म्हणजे त्या दोषींची जबाबदारी पुसून टाकणे आहे, आणि ज्या किनाऱ्यावरून तो माल गेला तिथल्या आपण लोकांनी तरी ते करू नये.