‘मी पळणार नाही’ असं पोरांकडून ओरडून घेणाऱ्यांना

आज भाच्याच्या क्लासची पालकसभा होती. ताईला रजा मिळाली नाही म्हणून मी गेले. प्रेरणा द्यायला बोलावलेले एक गृहस्थ दहावीच्या पोरांना उभं करून ओरडायला लावत होते, ‘मी पळणार नाही!’ आवाज कमी पडला की पुन्हा. भाचा मान खाली घालून नुसते ओठ हलवत होता. डोकं अजून तापलेलं आहे.

हेच वाक्य मी एका चौदा वर्षांच्या मुलाच्या तोंडून ऐकलंय. ‘नीऑन जेनेसिस इव्हँजेलियन’, १९९५ ची जपानी मालिका, २६ भाग. कार्टून म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी इथेच थांबावं. त्या मुलाला, शिंजीला, त्याचा बाप इतक्या वर्षांनी बोलावतो ते इव्हा नावाच्या अजस्र मानवाकृती लढाऊ यंत्रात बसवून लढायला पाठवण्यासाठी. तो नाही म्हणतो. मग त्याच्या जागी लढायला रेई नावाच्या जखमी मुलीला स्ट्रेचरवरून त्याच्यासमोर आणतात. ती कशीबशी उठू बघते, कळवळते. आणि हा स्वतःशीच पुटपुटत राहतो, पळायचं नाही, पळायचं नाही. त्यात कुणाला शौर्य दिसत असेल. मला छळ दिसतो.

बाबांना पक्षाघात झाला तेव्हा त्यांच्या उशाशी जागताना मी ही मालिका पाहिली. उजवी बाजू गेलेली, जीभ जड. भेटायला येणारा प्रत्येक जण सांगायचा, हिंमत धरा, तुम्ही लढणारे आहात. बाबा भिंतीकडे तोंड फिरवायचे. काठीला हात लावायचे नाहीत.

शिंजी मध्ये पळूनही जातो. परत येतो, लढाया जिंकतो, तरी आतून तसाच. शेवटच्या दोन भागांत लढाईच नाही. खुर्चीत बसलेला तो आणि त्याच्यावर येणारे प्रश्न. अखेर त्याला एवढंच उमगतं, की मी मला आवडत नाही, पण कदाचित आवडू शकेन, मी इथे असलो तरी चालेल. तेव्हा बरेच प्रेक्षक भडकले होते. बरं, वेळ कमी पडला होता, चित्रंही जेमतेम आहेत, मान्य. पण दिग्दर्शक हिदेआकी आन्नो स्वतः नैराश्यातून गेलेला माणूस. त्याने शिंजीला शेवटी जिंकवलं नाही, म्हणून मला ते खरं वाटलं.

एका दुपारी घरात कुणीच काही बोललेलं नसताना बाबांनी खुणेने काठी मागितली. ‘आता असंच चालायचं,’ अडखळत म्हणाले. चेहऱ्यावर हिंमत वगैरे काही नव्हतं, थकवा होता, थोडा रागही. भिंत धरून गॅलरीपर्यंत गेले. त्यांना तिथवर कुणाच्या भाषणाने नेलं नाही. आम्ही गप्प बसलो, तेव्हा त्यांना जागा मिळाली.

काही मुलांना धक्का द्यावा लागतो, असेल. पण सभागृहभर मुलांना एका सुरात ओरडायला लावून कुणाच्या पोटातली भीती जाते? घाबरलोय, असं म्हणायची सोय त्या पोरांना कुणी ठेवली होती का तिथे?

भाच्याला आज पहिला भाग लावून देणार आहे, शेजारी बसून. दहावीच्या वर्षात हे कसलं खूळ म्हणून ताई ओरडेल. ओरडू दे.